ताडोबा–नागपूर की रणथंबोर–जयपूर? दहा-बारा जणांच्या गटासाठी

सहा दिवस, बारा माणसं, जंगलही हवं आणि शहरही. महाराष्ट्रातून निघणाऱ्या अशा गटापुढे बहुतेक वेळा हे दोनच पर्याय उरतात. या दोन्ही सहली मी मोठ्या कुटुंबासोबत केल्या आहेत. एकदा नऊ जण होतो, एकदा चौदा. "वाघ कुठे जास्त दिसतो?" या प्रश्नावरून निवड करू नका, असं मी आधीच सांगेन. दोन्ही ठिकाणी वाघ दिसतो आणि दोन्ही ठिकाणांहून लोक रिकाम्या हातानेही परततात. तुमच्यापैकी किती जण खरोखर जंगलासाठी येताहेत आणि उरलेल्यांनी त्या वेळात काय करायचं, हे आधी मोजा. गटाची सहल बिघडते ती इथे.

गाडी आणि परमिट

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथे आहे, आणि तो बहुतेकांना पैसे भरून झाल्यावर कळतो.

ताडोब्यात परमिट गाडीचं मिळतं. एका जिप्सीत, म्हणजे उघड्या जीपमध्ये, सहा पर्यटक, सोबत गाइड आणि चालक. बारा जण असाल तर दोन जिप्सींत हिशेब चोख बसतो. तेरावा माणूस आला की तिसरी गाडी घ्यावी लागते आणि तिचा खर्च सगळ्यांवर पडतो. त्यामुळे ताडोब्याला जाणारा गट सहाच्या पटीत असेल तर प्रत्येकाचा खर्च कमी येतो. फायदा असा, की गाडी पूर्ण तुमची असते. कुठे थांबायचं, किती वेळ वाट पाहायची, हे घरच्या घरी ठरतं. कुणी अनोळखी माणूस मधेच "चला पुढे" म्हणत नाही.

रणथंबोरला जागेनुसार बुकिंग होतं. सहा जागांची जिप्सी किंवा वीस जागांचा कँटर, म्हणजे उघडी ट्रकसारखी गाडी. तेरा जण असाल तर तेराच जागांचे पैसे. कँटरमध्ये सगळा गट एकत्र बसू शकतो, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत, आणि हे सुख जिप्सीत नाही. पण वीस माणसांच्या गाडीत शांतता टिकवणं अवघड असतं. आमच्या कँटरमध्ये मागच्या रांगेत एक कुटुंब पूर्ण वेळ वेफर्सच्या पिशव्या फोडत होतं. सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आला तेव्हा पुढच्या चौघांनाच तो ऐकू आला. जंगल ऐकायला जाणाऱ्यांनी जिप्सीच घ्यावी आणि तिचं बुकिंग कित्येक आठवडे आधी करावं, कारण जिप्सीच्या जागा आधी संपतात.

नावं आणि ओळखपत्रांचे क्रमांक दोन्हीकडे बुकिंगच्या वेळीच द्यावे लागतात आणि फाटकावर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. "एक जण नक्की सांगत नाहीये, नंतर बघू" अशा भरवशावर जंगलाची सहल ठरवता येत नाही. आधी माणसं पक्की करा, मग तारीख धरा.

गेट आणि मुक्काम

ताडोबा आडवंतिडवं पसरलं आहे. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि त्याभोवती हजार चौरस किलोमीटरहून मोठं बफर, म्हणजे बाहेरचा संरक्षक पट्टा. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, पांगडी, झरी अशी वेगवेगळी प्रवेशद्वारं आहेत आणि परमिट ठरावीक गेटचं असतं. मोहर्लीला हॉटेल घेतलं आणि सफारी कोलाऱ्याची काढली, तर जंगलाला बाहेरून वळसा घालून पहाटेच्या अंधारात लांबचा प्रवास करावा लागतो. बारा माणसांना, त्यात लहान मुलांना, साडेतीनला उठवायचं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळतं. आधी गेट ठरवा, त्याच गेटपाशी राहा. नागपूरहून कोलारा जवळ, साधारण दोन-अडीच तास. मोहर्लीला चंद्रपूरमार्गे तीन तास धरावेत. मोहर्लीची बाजू जुनी, वर्दळीची आणि राहायला सोयीची. गर्दी कमी हवी असेल तर कोलारा किंवा नवेगाव.

रणथंबोरला ही डोकेदुखी कमी आहे. हॉटेलं सवाई माधोपूर शहराजवळ, रणथंबोरच्या रस्त्यावर ओळीने आहेत आणि सफारीची गाडी बहुतेकदा हॉटेलवर येऊनच घेऊन जाते. एकूण दहा झोन आहेत. एक ते पाच हे जुने, तलावांचे, सगळ्यांना हवे असलेले. सहा ते दहा बाजूला पडतात. पहिल्यांदा जात असाल आणि तीन किंवा चार नंबरचा झोन मिळाला तर तो घ्या. पदम तलाव, राजबाग, मलिक तलाव, पाण्यात उतरून गवत खाणारी सांबरं, काठावर पडलेल्या मगरी, मागे पडकी दगडी छत्री, म्हणजे घुमटी. वाघ दिसला नाही तरी हा देखावा कुणाला रिकामं वाटू देत नाही.

जंगल म्हणून

ताडोबा सागाचं आणि बांबूचं. दाट, उन्हाळ्यात पानगळ झालेलं, रंगाने तपकिरी. गवे आहेत, रानकुत्रे आहेत, अस्वलं आहेत. गवे आणि रानकुत्रे तुम्हाला रणथंबोरला दिसणार नाहीत. मुलांना एकाच सहलीत अनेक प्राणी दाखवायचे असतील तर ताडोबा सरस. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं, आणि त्याच्या नावामागे तारू नावाच्या गोंड प्रमुखाची कथा आहे. वाघाशी झुंजताना तो गेला आणि तलावाकाठी त्याचं देवस्थान झालं. मोहर्लीकडून आत जाताना रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळातले दगडी खांब लागतात. गाइडला विचारा, तो गाडी हळू करेल.

रणथंबोर उघडं आहे. धोक वृक्षांच्या टेकड्या, मधे मोकळी मैदानं, तलाव. त्यामुळे प्राणी लांबूनही दिसतो आणि फोटो चांगले येतात. जंगलाच्या मधोमध किल्ला उभा आहे. हमीरदेव चौहानाचा हा किल्ला १३०१ साली अल्लाउद्दीन खिलजीने घेतला. २०१३ पासून तो राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांसोबत जागतिक वारशात आहे आणि वर त्रिनेत्र गणेशाचं मंदिर आहे. सफारीला न येणाऱ्यांसाठी ही मोठी सोय. आमच्यातल्या तिघी सकाळच्या फेरीला आल्या नाहीत, त्या गणपतीला जाऊन आल्या आणि तितक्याच आनंदात होत्या. मात्र किल्ल्याच्या वाटेवरही वाघाचा वावर असतो. मुलांना पुढे पळू देऊ नका, कुणी एकटं मागे राहू नये.

ताडोब्यात सफारीला न जाणाऱ्याला रिसॉर्टखेरीज फारसं काही नाही. ज्याला पुस्तक आणि झाडाखालची खुर्ची पुरते त्याला हरकत नाही. ज्याला पुरत नाही तो दुसऱ्या दिवशी कुरकुर करायला लागतो. त्याला गाडी करून चंद्रपूरला पाठवता येईल, तिथे गोंडकालीन तटबंदी आणि महाकालीचं मंदिर आहे. भद्रावतीची विजासन लेणी आणि जैन मंदिरही त्याच बाजूला. पण हे कुणीतरी आधी जुळवावं लागतं.

कंबरेचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांचा विचार दोन्हीकडे सारखाच करावा लागतो. साडेतीन-चार तास धक्के खात बसायचं आणि ठरलेल्या जागेखेरीज गाडीतून उतरायचं नाही. अशा माणसांना मधल्या जागेवर बसवा, मागे नको. तीन फेऱ्यांचे पैसे भरून ठेवू नका. गटासाठी दोन फेऱ्या पुरतात, आणि तिसरी हवी त्यांनीच करावी.

शहर

इथे मी उघडपणे जयपूरच्या बाजूने आहे. १७२७ साली सवाई जयसिंहांनी आखून वसवलेलं शहर, रुंद सरळ रस्ते, जंतरमंतरचं सत्तावीस मीटर उंच सम्राट यंत्र, प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये बांधलेला हवामहल, आणि अकरा किलोमीटरवर आमेरचा किल्ला. अडीच दिवस सहज भरतात. आमेर, जंतरमंतर, हवामहल, नाहरगड, अल्बर्ट हॉल यांसाठी दोन दिवस चालणारं एकत्रित तिकीट मिळतं. बारा वेळा वेगवेगळ्या खिडक्यांपुढे रांग लावण्यापेक्षा ते घ्या. सिटी पॅलेसचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आमेरला हत्तीवर बसू नका. जीप मिळते, आणि ज्यांना वाघासाठी पहाटे उठावंसं वाटतं त्यांना चढणीवर त्या हत्तीचे हाल पाहून बरं वाटणार नाही. संध्याकाळी जौहरी बाजार आणि बापू बाजार. गटातल्या खरेदी करणाऱ्यांना तिथे सोडून बाकीच्यांनी कचोरी खात बसावं.

जयपूरचं आणखी एक वैशिष्ट्य: शहराच्या कडेलाच झालाना नावाचं बिबट्यांचं जंगल आहे. तिथे सफारी होते. रणथंबोरला एक फेरी कमी करून ती झालानाला करणारे मला शहाणे वाटतात.

नागपूरला एक दिवस द्या, फार तर दीड. दीक्षाभूमीला जायलाच हवं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह जिथे बौद्ध धम्म स्वीकारला ती ही जागा, आणि स्तूपाच्या आतल्या शांततेत मुलंही आपोआप गप्प होतात. १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे जुन्या लोकांचं अजब बंगला. शून्य मैलाचा दगड. संध्याकाळी फुटाळा तलाव. पूर्ण दिवस हाताशी असेल तर शहरात न घालवता रामटेकला जा, किंवा वर्धेमार्गे सेवाग्रामला. नागपूरच्या सहलीचं खरं सोनं शहराबाहेर आहे. तिखट खाणाऱ्यांना सावजी रस्सा, सकाळी तर्री पोहे, परतताना संत्रा बर्फी.

कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी

दोन्ही जंगलांची मुख्य क्षेत्रं पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर बंद असतात. ताडोब्याचं बफर रस्त्यांच्या अवस्थेनुसार त्या काळातही सुरू राहतं. ताडोब्याचा गाभा मंगळवारी बंद. नागपूरचं संग्रहालय सोमवारी बंद. सहलीचा आराखडा करताना हे दोन वार आधी कागदावर लिहा. ताडोब्यात शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी शुल्क जास्त असतं, त्यामुळे बुधवार ते शुक्रवार जंगल आणि शनिवार-रविवार नागपूर हे खिशालाही बरं आणि गर्दीलाही.

मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, हे खरं. पण चंद्रपूरचा मे म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या आसपासचा पारा, आणि दुपारच्या फेरीत उघड्या जिप्सीत लहान मूल बसवणं मी करणार नाही. जयपूरही मे महिन्यात दुपारी फिरायचं शहर नाही. मुलं आणि वडीलधारे सोबत असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मात्र रणथंबोरच्या जानेवारीतल्या सकाळी उघड्या कँटरमध्ये हाडं गोठतात. कानटोप्या, हातमोजे आणि गाडीत पांघरायला शाली न्या.

नागपूरसाठी दोन तारखा टाळा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर असतो. त्या दिवसाचं महत्त्व अनुभवायलाच जात असाल तर गोष्ट वेगळी, पण सहल म्हणून गाड्या आणि खोल्या मिळणार नाहीत. आणि डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशन. त्या दिवसांत नागपुरातली हॉटेलं मंत्री, अधिकारी आणि कार्यकर्त्यांनी भरलेली असतात.

प्रवास

मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोने रात्री निघालं की सकाळी नागपूर. गाड्या घेऊन जाणाऱ्यांसाठी जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आहे, ७०१ किलोमीटर. मुंबई सेंट्रलहून जयपूरला जाणारी रात्रीची सुपरफास्ट सवाई माधोपूरवरूनच जाते, म्हणजे जंगलाला थेट उतरता येतं आणि मग पुढे जयपूर, रेल्वेने दोनेक तास. परतीला जयपूरहून विमान घेतलं तर एक दिवस वाचतो.

मी काय निवडेन

गटातले निम्म्याहून जास्त लोक जंगलाचे वेडे असतील, मुलं दहाच्या पुढची असतील, चार-पाचच दिवस असतील आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर ताडोबा: तीन रात्री जंगलात, एक नागपूरला. गटात तीन पिढ्या असतील, काहींनी "वाघबिघ ठीक आहे, पण आम्हाला फिरायचंय" असं आधीच सांगितलं असेल आणि सहा-सात दिवस हाती असतील तर रणथंबोर: दोन रात्री तिथे, तीन जयपूरला. गेल्या वेळी आम्ही चौदा जण होतो, पंचाहत्तरीची काकू आणि सहा वर्षांची भाची धरून, म्हणून रणथंबोर घेतलं. पुढच्या हिवाळ्यात आम्ही सहाच जण आहोत, सगळे पहाटे उठणारे. कोलारा गेटची एक जिप्सी बघतो आहोत.