घशात पू झाला: सुई की चीर?

गेल्या पावसाळ्यात कणकुंबीकडच्या आमच्या दाजींचा घसा एकाच बाजूनं धरला. तीन दिवस मिठाच्या गुळण्या आणि दुकानातल्या गोळ्या चालल्या. चौथ्या दिवशी तोंड दोन बोटंही उघडेना, थुंकी गिळवेना, कान ठणकायला लागला, बोलणं तोंडात गरम घास धरल्यासारखं. बॅटरी मारून पाहिलं तर पडजीभ पार दुसऱ्या बाजूला सरकलेली. टॉन्सिलच्या शेजारी पू साठला की असं होतं. मग घरी थांबू नका, थेट कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा.

पू अगदी थोडा असेल तर डॉक्टर दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक देतात आणि एखादा दिवस वाट पाहतात. एरवी पू काढावाच लागतो.

सुईचं काम बसल्या जागी होतं. घसा बधिर करून जाड सुईनं सिरिंजमध्ये पू ओढतात. दाजींच्या वेळी पिवळा, घाण वासाचा पू आला आणि तासाभरात ते पाणी प्यायले. दुखणं कमी, पण पू पुन्हा साठू शकतो. त्यांना दुसऱ्या दिवशी परत सुई घ्यावी लागली.

चीर देतानाही बहुतेक वेळा घसा बधिर करूनच भागतं. छोटा छेद देऊन चिमट्यानं वाट मोकळी करतात. दुखतं जास्त, थोडं रक्त येतं, पण पू पुन्हा साठण्याची शक्यता कमी दिसते. दोन्हींची तुलना करणारे अभ्यास लहान आहेत, त्यामुळे एकच पद्धत बरोबर असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

माझ्या मते अंतर बघा. बेळगाव शहरात राहत असाल किंवा दवाखान्यात दोन दिवस थांबायची तयारी असेल, तर आधी सुई. निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ, त्यांनाही तेच. पण पावसात खानापूरच्या जंगलपट्ट्यातून उद्या परत येणं जमणार नसेल, तर चिरीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पेनिसिलिनची अॅलर्जी, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हेही न विचारता सांगा. पू निघाला तरी अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करायचा.

टॉन्सिल काढण्याचा विचार हा त्रास पुन्हा पुन्हा झाला तर, तोही बहुधा काही आठवड्यांनी.

श्वास घेताना आवाज येत असेल, मान सुजली किंवा वळेनाशी झाली, तर सुई की चीर हा प्रश्नच बाजूला ठेवा. रात्र असली तरी १०८ ला फोन लावा.