पशुखाद्याच्या हॉपरखाली काय बसवावं: स्क्रू, व्हायब्रेटर की बेल्ट?

तुरीची चुनी, सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड), सरकीची ढेप, कोंडा, मका. विदर्भातल्या लहान पशुखाद्य युनिटात एवढा माल असतोच, आणि हॉपरातून, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या साठवण टाकीतून, प्रत्येकाची उतरायची तऱ्हा निराळी. तिच्या तोंडाखाली माल ठरावीक धारेने पुढे सोडणारा फीडर त्यानुसारच निवडायचा. म्हणून कोटेशन मागवण्याआधी माल मुठीत दाबून पाहा. मूठ उघडल्यावर तो विखुरतो की त्याचा लाडू राहतो?

विखुरणाऱ्या मका-सोयाबीनला व्हायब्रेटर, म्हणजे कंपनाने माल सरकवणारा फीडर, उत्तम. त्यात मालाला लागणारा फिरता भाग नाही, दाणाही फुटत नाही. लाडू धरणारा कोंडा मात्र कंपनाने सुटण्याऐवजी तोंडाशी आणखी ठासतो. दुसरी अडचण विजेची. इलेक्ट्रोमॅग्नेटिक व्हायब्रेटरचा जोर व्होल्टेजवर असतो. संध्याकाळी विजेच्या फीडरवर व्होल्टेज उतरलं की मालाच्या फीडरचीही धार बारीक होते. स्टॅबिलायझरचा खर्च आधीच धरा.

कोंडा, चुनी, दळलेली ढेप यांना स्क्रू बरा. १५० मिमी व्यास, तेवढाच पिच (स्क्रूच्या लागोपाठच्या दोन पात्यांमधलं अंतर) आणि ४८ मिमी शाफ्ट असेल तर एका फेऱ्यात साधारण २.४ लिटर माल सरकतो. ३० आरपीएमला तासाला सव्वाचार घनमीटर. हा कागदावरचा आकडा, प्रत्यक्षात कमीच मिळतो. खरी चूक पिचमध्ये होते. लांब तोंडाखाली सारख्या पिचचा स्क्रू मागच्या टोकालाच भरून जातो, पुढचा माल उतरायला जागाच उरत नाही. तो तिथेच बसतो, पावसाळ्यात बुरशी धरतो. हॉपरखालचा पिच बाहेरच्या टोकाकडे वाढत जाणारा मागा. वर्कशॉपवाला ‘काही फरक पडत नाही’ म्हणेल, ऐकू नका.

तंतू असलेली सरकी स्क्रूत घालू नका, शाफ्टला आणि मधल्या बेअरिंगला गुंडाळते. तिला बेल्ट. तो महाग, जागा खातो, कडेने धूळ सांडतो, पण अडकत नाही.

रोटरी व्हॉल्व्ह (फिरत्या कप्प्यांतून माल सोडणारी झडप) सायक्लोनखाली, म्हणजे हवेतली धूळ वेगळी करणाऱ्या यंत्राखाली, हवा अडवायला ठीक, प्रमाण मोजायला नको.

स्क्रू आकारमान मोजतो, वजन नाही. त्यामुळे चुनीची नवी गाडी आली की एकेक मिनिटाचा माल दहा वेळा पोत्यात धरून तोला, हॉपर भरलेला असताना आणि तळाशी आलेला असतानाही. दोन्हींत फरक पडला तर आधी हॉपरचा उतार तपासा, मग व्हीएफडीला (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राला) हात लावा. अडकलेला माल काढताना मेन स्विच बंद करून कुलूप लावा. नुसतं स्टॉप बटण पुरत नाही.