सुपर ब्लॅकहॉकचा सुटणारा पेच: जांभळं, निळं, लाल की नवा पेच?

गेल्या हिवाळ्यात इथे ॲरिझोनात नेमबाजीच्या एका उघड्या रेंजवर माझ्या .44 मॅग्नम सुपर ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरमधून विसावी-बाविसावी गोळी सुटली आणि तिच्यामागोमाग एक काळं नळकांडं उडून समोरच्या खडीत पडलं. शेजारच्या टेबलावरचे आजोबा कानावरचे मफ सरकवून म्हणाले, "पेच ना?" त्यांनी हे आधीही पाहिलं होतं. सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या होऊन टेबलावर पडेपर्यंत थांबलो आणि मग शोधायला गेलो. नळकांडं मिळालं, आतला दांडा मिळाला, स्प्रिंग मेस्किटच्या काट्यात अडकलेली मिळाली. पेच काही मिळाला नाही.

ज्यांच्याकडे ही बंदूक नाही त्यांच्यासाठी: सिंगल ॲक्शन (दर गोळीला घोडा हाताने ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं चक्र बाहेर झुलत नाही. रिकाम्या पुंगळ्या एकेक करून मागच्या झडपेतून काढाव्या लागतात, आणि त्यासाठी नळीच्या उजव्या बाजूला खाली एक स्प्रिंगचा दांडा असतो, एजेक्टर रॉड. हा दांडा ज्या घरात सरकतो ते घर नळीला पुढच्या टोकाशी एका पेचाने धरलेलं असतं. एकाच. 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरपासून हीच रचना चालत आली आहे, आणि कोल्टच्या .45 ला ती पुरायची. रुगर कंपनीने 1959 मध्ये सुपर ब्लॅकहॉक आणली तेव्हा काडतूस बदलून जास्त जोरकस .44 मॅग्नम झालं, पण पेच एकच राहिला.

त्या पेचावर काय येतं याचा ढोबळ हिशेब करू. 240 ग्रेनची (साडेपंधरा ग्रॅमची) गोळी साधारण 1350 फूट प्रतिसेकंद वेगाने निघते. बंदूक 48 औंसांची, म्हणजे 1.36 किलो. हातात न धरता मोकळी सोडली तर ती साधारण 6 मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येईल, आणि हा वेग ती सेकंदाच्या एक-दीड हजारांश भागातच घेते. नळकांडं, दांडा आणि स्प्रिंग मिळून 25 ग्रॅम धरले, तर त्यांना नळीसोबत मागे ओढायला त्या क्षणी सरासरी दहा-पंधरा किलोंची ओढ लागते. नळी मागे पळते, नळकांडं जागेवर राहू पाहतं, मध्ये पेच. ही ओढ पेचाला आडवी बसते. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये दाखवून दिलं होतं की पेच सुटतात ते उभ्या ताणापेक्षा अशा आडव्या घसरणीनेच जास्त. जोडलेले दोन भाग एकमेकांवर केसभर सरकले की आट्यांमधलं घर्षण त्या क्षणापुरतं संपतं आणि पेच आपण होऊन थोडा उलटा फिरतो. प्रत्येक गोळीला थोडा थोडा.

म्हणून पहिला पर्याय, म्हणजे "दर वेळी आवळून घे", हा पर्यायच नाही. तरी निम्मे लोक तेच करतात. मीही दोन वर्षं केलं.

दुसरा म्हणजे नेलपॉलिश. घरात असतं, फुकटात होतं, आणि .38 स्पेशलसारख्या मऊ काडतुसाला कदाचित पुरतंही. मॅग्नमला पुरत नाही. वाळलेला थर ठिसूळ असतो, धक्क्याने तडकतो. पण बाटली टाकून देऊ नका, खाली तिचं एक चांगलं काम येणार आहे.

आता खरी निवड, लॉकटाइटची, म्हणजे आट्यांत घट्ट होऊन पेच धरून ठेवणाऱ्या द्रवाची; त्याचे प्रकार रंगांनी ओळखतात. या पदार्थाचा जन्म 1953 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात, व्हर्नन क्रीबल या रसायनाच्या प्राध्यापकांच्या हातून झाला. कोल्टचा कारखानाही हार्टफर्डचाच. ज्या गावाने एका पेचावरचं नळकांडं लोकप्रिय केलं, त्याच गावाने ऐंशी वर्षांनी औषधही दिलं. हे द्रव हवा असेपर्यंत द्रवच राहतं. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं. म्हणूनच नवी बाटलीसुद्धा अर्धी रिकामी असते. दुकानदाराने फसवलं असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. ती मोकळी जागा हवेसाठी ठेवलेली असते.

जांभळं म्हणजे 222. बारीक पेचांसाठी आणि हलक्या पकडीसाठी. उत्पादकाच्या मापाप्रमाणे पाहिलं तर आपला पेच याच गटात बसतो. साध्या स्क्रूड्रायव्हरने निघतं, आट्यांवर जोर येत नाही. तुम्ही वर्षात शंभर गोळ्या मारत असाल, बहुतेक मऊ .44 स्पेशलच्या, आणि दर वेळी नळकांडं काढून साफ करायची सवय असेल, तर याच्यापुढे जायचं कारण नाही.

निळं म्हणजे 242 आणि 243. पकड मध्यम, तरी हाताच्या अवजाराने निघतं. दोन्हींतला फरक बंदुकीवर महत्त्वाचा ठरतो: 243 थोडं तेल सहन करतं. बंदुकीतलं तेल कितीही पुसा, आट्यांच्या तळाशी उरतंच. म्हणून निळं घ्यायचं तर 243. जड काडतुसं नेहमी मारणाऱ्याला मी डोळे झाकून हेच सांगेन, आणि माझ्या स्वतःच्या बंदुकीवरही हेच आहे. स्टेनलेस बंदूक असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: स्टेनलेसवर हे सगळेच रंग सावकाश धरतात. साध्या पोलादावर वीसेक मिनिटांत पेच हलेनासा होतो, पूर्ण पकड यायला 24 तास. स्टेनलेसवर घाई केलीत तर रेंजवर पोचेपर्यंत आत अजून ओलंच असेल, आणि मग दोष लॉकटाइटला मिळेल. धीर नसेल तर लॉकटाइट लवकर घट्ट करणारं वेगळं द्रव (प्रायमर) मिळतं.

लाल म्हणजे 271 आणि त्याची भावंडं. इथे माझं मत स्पष्ट आहे: या पेचाला लाल लावू नका. लाल लागल्यावर पेच सुटत नाही हे खरंच. पण साफसफाईला, मोडलेली स्प्रिंग बदलायला, कधीतरी तो काढावा लागणारच. तेव्हा त्याला साधारण 260 अंश सेल्सियसपर्यंत तापवावं लागतं. तापवलं नाही तर माथ्याची चीर मुरडते, नाहीतर माथाच तुटून हातात येतो आणि उरलेला बुंधा नळीत राहतो. कुणी आधीच लाल लावून ठेवलेली बंदूक तुम्ही विकत घेतली असेल तर ज्योत लावू नका; डाग द्यायची मोठी सोल्डरिंग आयर्न पेचाच्या माथ्यावर टेकवून ठेवा, उष्णता नेमकी पेचातच उतरते.

इथे मला कोल्हापूर आठवतं. उद्यमनगरात लेथवर शिकत होतो तेव्हा मिस्त्री म्हणायचे, "पेच धरत नसंल तर पेचाकडं बघू नगोस, भोकाकडं बघ." पेच चार-पाच डॉलरचा. भोक मात्र नळीत आहे, आणि नळी बदलायची म्हणजे कारखान्याला बंदूक पाठवणं. लाल लॉकटाइट झीज पेचावरून उचलून भोकावर टाकतं, माझा सगळा आक्षेप एवढाच आहे. जांभळं आणि निळं हरलं तर पेच हरवतो. लाल हरलं तर नळी.

म्हणून काहीही लावण्याआधी पेच काढून नीट बघा. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा: झडप उघडून सहाही खाने बघा, मग मधली पिन ओढून चक्रच बाहेर काढून ठेवा. पेच सोडताना नळकांड्यावर अंगठा दाबून धरा, आतली स्प्रिंग दाबलेली असते. पेचाचे आटे उजेडात धरा. टोकाचे दोन-तीन आटे चपटे, चकचकीत झाले असतील तर तो पेच गेला. लॉकटाइट झिजलेल्या आट्यांना पुन्हा धार देत नाही, फक्त पोकळी भरतं. नवा मागवा, आणि दोन मागवा. लांबीही जुन्याइतकीच हवी. भोक नळीच्या भिंतीत आहे आणि ते आरपार नाही. पेच लांब निघाला तर तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण नळकांड्याला धरतच नाही. आणखी जोर लावलात तर आतल्या बाजूला, जिथून गोळी जाते तिथे, फुगवटा यायची भीती.

स्क्रूड्रायव्हर हीसुद्धा निवडच आहे, आणि लोक तिला सगळ्यात कमी मान देतात. घरातल्या डब्यातल्या स्क्रूड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, चिरेच्या वरच्या काठावरच टेकतं आणि निसटताना काठ उचलून जातं. बंदूककामाचं पातं दोन्ही बाजूंनी समांतर घासलेलं असतं, चिरेच्या तळापर्यंत बसतं. पेचांच्या माथ्यांवरचे ते उचकटलेले काठ पाहिले की मागच्या मालकाकडे कुठलं पातं होतं ते कळतं.

पोलादी नळकांडं बसवावं का, हे खूप जण विचारतात. निळ्या फिनिशच्या बऱ्याच ब्लॅकहॉकवर नळकांडं ॲल्युमिनियमचं असतं, स्टेनलेसवर पोलादाचं. पोलाद दिसायला छान, हाताला भरीव. पण तोच आकार पोलादात केला की वजन जवळपास तिप्पट, आणि वरचा हिशेब आठवा: ते सगळं वजन त्या एकाच पेचाला ओढायचं आहे. ॲल्युमिनियमचा तोटा वेगळा. पेचाचा माथा त्यात हळूहळू रुततो आणि आवळलेला ताण आपोआप कमी होतो. तुमच्या नळकांड्यावर माथ्याखाली खोल गोल खड्डा पडला असेल तर बदलणं योग्य, पण बदलून पेचाचा त्रास कमी होईल या आशेने नको. नुसत्या दिसण्यासाठी बदलायचं असेल तर बदला, फक्त निळ्या लॉकटाइटशिवाय नको.

शेवटचा उपाय गनस्मिथ. नळीतले आटेच गेले असतील तर भोक मोठं करून, जाड पेचाचा टॅप मारून घ्यावा लागतो. .454 कासुल, .480 रुगर असल्या काडतुसांच्या बंदुकांवर काही जण आटे शाबूत असतानाच हे करून घेतात आणि त्यांचं चुकत नाही. पण नळीच्या भिंतीत किती खोल जायचं हे ड्रिलप्रेसवर अंदाजाने ठरवण्याचं काम नाही. मी लेथवर वाढलो, तरी हे घरी करणार नाही. भारतातल्या परवानाधारकांसाठी तर प्रश्नच मिटतो: तिकडे शस्त्राची दुरुस्ती हे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागणारं काम आहे, तेव्हा सरळ परवानाधारक दुकान गाठा.

आणि एक तपासणी राहिली. कधी कधी ढिला असतो पेच नाही, चक्राची मधली पिन. धक्क्याने ती पुढे उसळते आणि वाटतं नळकांडंच हललं. गोळ्या मारून झाल्यावर पिन पुढे आलेली दिसली तर तिच्या खिट्टीची स्प्रिंग जड घाला, किंवा बारीक पेचाने जागी अडकणारी पिन मिळते ती घ्या. लॉकटाइटचा तिथे काही उपयोग नाही.

मी शेवटी काय केलं? नवा पेच, भोक ॲसिटोनच्या काडीने पुसून पूर्ण सुकवलं, आट्यांच्या मधोमध 243 चा एक थेंब, मूठ सोडून नुसत्या बोटांच्या जोराने आवळणं, आणि बंदूक एक रात्र आणि एक दिवस कपाटात. थेंब एकच. ओघळ प्लास्टिकच्या मुठीवर गेला तर प्लास्टिक तडकू शकतं. मग नेलपॉलिशची बाटली काढली. पेचाच्या माथ्यावरून नळकांड्यावर जाईल अशी एक पांढरी रेघ ओढली. पेच केसभर फिरला तरी रेघ मोडते, आणि दर सहा गोळ्यांनंतर नजर टाकली की कळतं. मंडळी बंदुकीच्या दुकानांतून काय काय विकत घेतात, पण हे दोन डॉलरचं सगळ्यात उपयोगी निघालं. बायकोला बाटली परत हवी आहे, ती मी देत नाहीये.

जवळपास दीडशे मॅग्नम झाल्या, रेघ जागची हललेली नाही. त्या रेंजवर त्याच टेबलाशी गेलो की मात्र अजूनही आधी खाली खडीत बघतो.