आकडे नसलेली शुभवर्तमानं: रोजच्या वाचनानंतरचा अभिप्राय

प्रभू येशूचं जीवन सांगणारी बायबलातली चारही शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान, एका खंडात, पानावर एकच स्तंभ, आणि मजकुरात अध्यायांचे आकडे नाहीत, वचनांचे क्रमांक नाहीत, मथळे नाहीत, तळटीपा नाहीत. ही आवृत्ती मी सध्या रोजच्या मननासाठी वापरते आहे. घ्यावी का, असं आमच्या अभ्यासगटात काहींनी विचारलं, म्हणून लिहिते.

बांधणी उत्तम आहे. कागद नेहमीच्या बायबलपेक्षा जाड, त्यामुळे मागची अक्षरं पुढच्या पानावर उमटत नाहीत. पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं तर मिटत नाही. समासात पेन्सिलीने लिहायला भरपूर जागा आहे.

आकडे काढून टाकलेलं शास्त्र हातात घेताना काही जणांना अवघडल्यासारखं होईल. पण आजचे अध्याय पाडण्याचं श्रेय १३व्या शतकाच्या सुरुवातीचे इंग्लंडमधले आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांना दिलं जातं, आणि नव्या करारातले आजचे वचनक्रमांक रोबेर एतिएन या मुद्रकाच्या १५५१ सालच्या आवृत्तीपासून आले. त्याआधी चौदाशेहून अधिक वर्षं विश्वासणाऱ्यांनी प्रभूचे शब्द या क्रमांकांशिवायच ऐकले.

फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो मार्कात. मोठ्याने वाचलं तर सगळं शुभवर्तमान साधारण दीड तासात होतं, आणि ते तसंच वाचावं. मधला भाग बघा. बेथसैदात एका आंधळ्याला आधी माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात, मग प्रभू पुन्हा हात ठेवतो तेव्हा स्वच्छ दिसतं. लगेच पुढे शिष्य पेत्र प्रभूला म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. आणि प्रभू दुःख सोसण्याविषयी बोलू लागताच तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन अडवतो. पेत्रालाही अजून अर्धवटच दिसतंय! ज्याला माझ्यामागे यायचं आहे त्याने आपला वधस्तंभ उचलून यावं, हे प्रभूचं वचन नेमकं इथे येतं.

हे वचन लहानपणी पाठ केलेलं असतं, भिंतीवर टांगलेलं असतं, आणि आजारपण किंवा घरातला त्रास आला की आपण म्हणतो, हा माझा वधस्तंभ. दुःखात त्या शब्दांनी आधार मिळतो, ते मी नाकारत नाही. पण सलग वाचताना दिसतं की प्रभू आपल्या मरणाविषयी तीनदा सांगतो, आणि दर वेळी शिष्य भलतीकडेच जातात. दुसऱ्यांदा सांगितल्यावर वाटेत वाद होतो, आपल्यात मोठा कोण. तिसऱ्यांदा सांगितल्यावर जब्दीचे मुलगे, याकोब आणि योहान, प्रभूच्या उजवी-डावीकडची आसनं मागतात. म्हणजे वधस्तंभाची गोष्ट निघाली की मोठेपणाची आणि मानाच्या जागेची गोष्ट दर वेळी सोबत येते. मंडळीत कोण पुढे बसतं, कुणाचं नाव आधी घेतलं जातं, कुणाला विचारलं नाही म्हणून कोण रुसतं, हे सगळं मला त्या पानांत दिसलं. शिष्य होण्याची परीक्षा मी आजवर मोठ्या संकटांत शोधत होते. मार्क ती इथे, आमच्यासारख्यांच्या वागण्यात ठेवतो.

आणि त्यानंतर यरीहो गावाजवळ भेटतो बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी. मी तुझ्यासाठी काय करावं, हा जो प्रश्न प्रभूने थोड्याच वेळापूर्वी याकोब-योहानांना विचारला होता, तोच तो या भिकाऱ्याला विचारतो. त्यांनी आसनं मागितली, याने दृष्टी मागितली. दृष्टी मिळताच तो वाटेने त्याच्यामागे निघाला. मथळे आणि क्रमांक मध्ये असताना हे दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहायचं मला कधी सुचलं नव्हतं.

मथळे नसण्याचा आणखी एक लाभ. 'श्रीमंत तरुण' या ओळखीच्या मथळ्यातलं तारुण्य मत्तयातून आलेलं आहे. अधिकारी असल्याचं लूक सांगतो. मार्क यातलं काहीच सांगत नाही. त्याच्याकडे फक्त धावत येऊन गुडघे टेकणारा एक माणूस आहे, आणि प्रभूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, हे आहे. सगळं विकून टाक, हा कठोर शब्द त्या प्रीतीनंतर येतो.

योहानातही असंच. तू मला तीनदा नाकारशील, असं पेत्राला सांगितल्यावर पुढच्याच वाक्यात, तुमची अंतःकरणं अस्वस्थ होऊ नयेत. छापील बायबलात तिथे तेरावा अध्याय संपतो आणि आपण पुस्तक मिटतो. मत्तयातलं डोंगरावरचं प्रवचन मात्र मला सलग झेपलं नाही. तिथे थोडं थोडं वाचणंच बरं.

आता उणिवा. उपासनेत वचन सांगितलं की या पुस्तकात ते शोधेपर्यंत वाचन संपलेलं असतं, त्यामुळे रविवारी नेहमीचं बायबलच न्यावं. संदर्भ नसल्याने वधस्तंभावरची 'माझ्या देवा, माझ्या देवा' ही प्रभूची आरोळी बाविसाव्या स्तोत्रातली आहे, हे नव्या वाचकाला कळणार नाही. मला सर्वांत खटकलं ते मार्काच्या शेवटी. सोळाव्या अध्यायातली नवव्या वचनापासूनची वचनं सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. इतर छापील प्रतींत तशी टीप सापडते, इथे मजकूर न सांगता पुढे चालू राहतो. एक ओळ द्यायलाच हवी होती.

नव्याने विश्वासात आलेल्याला हे एकमेव पुस्तक म्हणून देऊ नका. ज्याला वचनं तोंडपाठ आहेत आणि ती वाचताना आता थांबावंसं वाटत नाही, त्याला जरूर द्या, आणि सुरुवात मार्कापासून करायला सांगा.