पाण्यावरून सीमा ओलांडायची असेल तर : शॅनन–अर्न की सार कालवा?

भाड्याची नौका स्वतः चालवत एका देशातून दुसऱ्या देशात जायचे ठरले, तर नागपूरच्या कुटुंबाने माझ्या मते दोन मार्गांचा नीट विचार करावा. एक आयर्लंडमधला, शॅनन आणि अर्न या नद्यांना कालव्याने जोडणारा शॅनन–अर्न जलमार्ग आणि दुसरा फ्रान्समधून जर्मनीकडे उतरणारा सार कालवा. दोन्हींची लांबी सुमारे ६३ किलोमीटरच असल्यामुळे नुसता नकाशा पाहून निर्णय होत नाही.

सुरुवात व्हिसापासून करावी. फ्रान्स आणि जर्मनी या दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. आयर्लंडमध्ये मात्र सीमेपलीकडचा उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे, आणि तिथे पाण्यावर कोणी पासपोर्ट तपासत नसले तरी भारतीय नागरिकाकडे परवानगी असावीच लागते. भारतातून अर्ज करणाऱ्यांना ब्रिटिश–आयरिश व्हिसा योजनेखाली एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येते. फक्त व्हिसावर त्या योजनेची नोंद आहे ना हे हाती पडताच पाहावे, आणि ज्या देशाने तो दिला त्याच देशात आधी उतरावे.

यानंतरचा प्रश्न लॉकचा. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद; त्यातले पाणी वाढवून किंवा कमी करून नौका पुढच्या पातळीवर नेतात. शॅनन–अर्नवर असे १६ लॉक आहेत, आठ चढणीचे आणि आठ उतरणीचे, आणि ते कार्ड घालून बटणांनी आपणच चालवायचे असतात. सार कालव्यावर सारगमिन या फ्रेंच गावापर्यंत २७ आहेत. एका लॉकला पंधरा मिनिटे धरली तरी तिथे जवळजवळ सात तास लॉकमध्येच जातात, तर आयर्लंडमध्ये चार.

आकडा कागदावर लहान दिसतो, पण गेल्या जूनमध्ये शॅनन–अर्नवर उतरणीच्या पहिल्याच लॉकमध्ये त्याचा अर्थ मला कळला. दोर खुंट्याभोवती फिरवून त्याचे टोक हातात धरायचे आणि पाणी उतरेल तसतसा तो सोडत राहायचे. गाठ मारली तर नौका दोराला लोंबकळू लागते. माझे सासरे सत्तरीचे आहेत. शेवाळाने हिरवी झालेली ओली भिंत डोळ्यांसमोर वर वर सरकत असताना ते दोन्ही हातांनी दोर धरून उभे होते आणि दर वितीला ‘सोडू का?’ असे विचारत होते. दिवसाकाठी अशी चार-पाच लॉक त्यांना झेपली. नऊ-दहा झेपली नसती.

सीमा मार्गात कुठे येते, हे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. सार मार्गावर गोंद्रेक्सांज आणि मितरशाइमच्या तलावांजवळून जाणारा अतिशय सुंदर प्रवास होतो, वाटेत सगळे २७ लॉक पार करावे लागतात, आणि सारगमिननंतर खुद्द सार नदीच काही अंतर सीमा बनते. एका काठावर फ्रान्सचे ग्रोसब्लिडरस्ट्रॉफ आणि समोरच्या काठावर जर्मनीचे क्लाइनब्लिटर्सडॉर्फ पाहण्यासाठी हा सारा प्रवास पुरा करावा लागतो, आणि नौका मूळ ठिकाणी परत द्यायची असेल तर तो दुप्पट धरावा लागतो. सात दिवसांत हे घाईचे होते. दहा दिवस हवेत. आयर्लंडमध्ये नौका शॅननकडच्या लीट्रिम गावाऐवजी अर्नकडच्या बेल्टर्बेटहून घेतली, तर अर्न नदीतून पहिल्याच दिवशी सीमा ओलांडता येते, आणि पुढे वुडफर्ड नदीच्या काही भागात एक काठ आयर्लंड प्रजासत्ताकाचा तर दुसरा उत्तर आयर्लंडचा असतो. शॅनन–अर्नचा हा कालवा १८६० मध्ये पूर्ण झाला, वाहतूक न मिळाल्याने नऊच वर्षांत सोडून दिला गेला आणि १९९४ मध्ये पुन्हा खुला झाला. एकेकाळी कडक पहारा असलेल्या सीमेवरून आज आपली नौका कोणी न अडवता जाते, याचे मोल मला तलावांच्या सौंदर्याहून अधिक वाटते.

घरात ज्येष्ठ असतील आणि सुट्टी आठवड्याचीच असेल, तर बेल्टर्बेटहून शॅनन–अर्न घ्यावा. शेंगेन व्हिसा हाती असेल, दोघे-तिघे धडधाकट असतील आणि दहा दिवस मिळत असतील, तर सार कालवा निवडावा. मात्र नौका जर्मनीत नेण्याची मुभा आहे का, हे भाड्याने देणाऱ्याकडून लेखी घ्यावे. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून दोन्हींसाठी जूनचा पूर्वार्ध उत्तम; आयर्लंडमध्ये तेव्हा रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नौकेवर स्वयंपाकघर असते, तेव्हा डाळ, तांदूळ आणि मसाले न्यावेत. तूप आणि खवा मात्र घरीच ठेवावेत, कारण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत.