कपाटामागची काळी भिंत आणि आमचे अडुसष्ट हजार

मागच्या जुलैत आमच्या मुलुंडच्या घरात आतल्या खोलीतलं कपाट पुढे ओढलं, तर मागची भिंत काळी पडलेली. पोपडे सुटलेले, कुबट वास, आणि खालच्या खणातल्या रेशमी साड्यांवर पांढरी बुरशी. त्या खोलीत सासूबाई झोपतात आणि त्यांना दमा आहे. मी घाबरून मोबाईलवर बुरशी काढणारे शोधले आणि पहिलाच नंबर फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आले. मास्क, हातमोजे, सगळं व्यवस्थित. एकाने ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र भिंतीत टोचलं. ते वाजायला लागलं, लाल दिवा लागला. बाहेरच्या खोलीतल्या कोरड्या भिंतीवर त्याने ते एकदाही लावून दाखवलं नाही आणि मलाही ते सुचलं नाही. मग कापसाच्या काडीने नमुना घेतला, ‘लॅब टेस्ट’चे साडेचार हजार घेतले. रात्री नऊला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला: ‘ब्लॅक फंगस’. पाठोपाठ फोन, की आजींना त्या खोलीत एक रात्रही झोपवू नका. २०२१ मध्ये कोविडनंतर या नावाने किती जणांचे डोळे, जबडे गेले ते सगळ्यांनाच आठवतंय. आम्ही लगेच हो म्हणालो.

पैसे देऊन झाल्यावर सासूबाईंच्या डॉक्टरांनी समजावलं. म्युकरमायकोसिसला ब्लॅक फंगस म्हणतात ते रोग्याच्या शरीरातला मेलेला भाग काळा पडतो म्हणून. भिंतीवरच्या काळ्या बुरशीने दमा वाढू शकतो, ती काढायलाच हवी, पण तिच्या काळ्या रंगावरून तो आजार ठरत नाही. शिवाय नमुन्यातली बुरशी वाढवून ओळखायला काही दिवस लागतात. आमचा रिपोर्ट त्याच रात्री आला होता, आणि त्यावर ना प्रयोगशाळेचा पत्ता होता, ना कुणाची सही.

धुराची फवारणी, दोन हात केमिकल कोटिंग, पुट्टी, रंग. टेस्ट धरून अडुसष्ट हजार, तेही कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या खात्यावर. दहा वर्षांच्या गॅरंटीच्या कागदावर जीएसटी नंबर नव्हता. मी एकदा विचारलं होतं, “पण पाणी येतंय कुठून?” तो म्हणाला, “ताई, कोटिंग झालं की पाणी आत येतच नाही. वरच्यांशी कशाला वाकडं घेताय?” हे बोलणं आम्हाला सोयीचं वाटलं. वरच्या काकूंशी वीस वर्षांचा घरोबा, तुमच्यामुळे गळतंय असं कोणत्या तोंडाने सांगायचं, हाच प्रश्न होता.

गणपतीत भिंत फुगली. पुट्टीचा पापुद्रा नखाने निघाला आणि खाली तीच काळी बुरशी. फोन बंद.

मग सोसायटीच्या जुन्या प्लंबरला घेऊन वर गेलो. काकू म्हणाल्या, “अगं, आधी का नाही सांगितलंस?” प्लंबरने नहाणीचं, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीचं, तोंड बंद करून बाथरूममध्ये दिवस-रात्र पाणी साठवलं, खाली आमच्याकडे काही झालं नाही, म्हणजे फरशी ठीक होती. मग रंग घातलेलं पाणी नहाणीत ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या भिंतीवर गुलाबी डाग. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या भांड्याचा, सांधा फुटला होता. दुरुस्ती साडेतीन हजारांत झाली, ती काकूंनीच केली. (गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल, तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, ते काम सोसायटीचं.)

ओलं प्लॅस्टर काढून भिंत दोन महिने उघडी ठेवली, पंखा लावून. आजूबाजूची बुरशी मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसली, कारण कोरडी खरवडली तर ती हवेत उडते. ब्लीच वापरणार असाल तर त्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लिनर अजिबात मिसळू नका, विषारी वायू निघतो. शेवटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून पाहिला. दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला दव नव्हतं, तेव्हाच गवंड्याला बोलावलं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. गॅरंटीच्या कागदावरच्या पत्त्यावर बंद गाळा आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. त्यांची जाहिरात मात्र नव्या नंबरने पुन्हा फिरते आहे, आणि तिच्यातल्या ‘काम झाल्यावर’च्या फोटोत आमच्या कपाटामागची ताजी रंगवलेली भिंत आहे.