युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांचं दप्तर: सरसकट स्कॅन, की नोंदींसकट?

खटल्याचं दप्तर ताब्यात आलं, पैसे आणि माणसं दोन्ही तोकडी, तर सगळी पानं भराभर स्कॅन करावीत की एकेक कागद वाचून त्याची नोंद करत जावं?

भराभर स्कॅनच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा म्हणजे वेळ. आम्लयुक्त कागद पिवळा पडतो, कडा हाताला लागताच तुटतात. ध्वनिमुद्रणाचं त्याहून अवघड. न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर चाललेल्या १९४५-४६ च्या मुख्य खटल्याचं सुमारे ७७५ तासांचं ध्वनिमुद्रण १,९४२ तबकड्यांवर आहे. साक्षीदाराचा आवाज कुठे अडखळला, हे लेखी प्रतीत कधीच सापडणार नाही. अशा वस्तूंसाठी नोंदींची वाट पाहत बसणं चूकच.

पण नुसतं स्कॅन शोधायला गेलात की अडतं. नाझींच्या एसएस संघटनेचा प्रमुख हिमलर याचं ऑक्टोबर १९४३ मधलं पोझन शहरातलं (आजचं पोलंडमधलं पोझनान) भाषण घ्या. या दस्तऐवजाचा क्रमांक १९१९-पीएस. पुरावा म्हणून दाखल झाल्यावरचा क्रमांक यूएसए-१७०. दोन्ही क्रमांक एकाच नोंदीत नसतील, तर एक माहीत असणाऱ्याला दुसऱ्याखाली ठेवलेला कागद मिळत नाही. फाइलचं नाव ‘स्कॅन ०४५७’ असेल तर पान असून नसल्यासारखंच. ओसीआरवर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर, भिस्त ठेवू नका. कार्बन प्रतीची पसरलेली अक्षरं आणि समासातला हाताने लिहिलेला शेरा तिथे हमखास चुकतो. हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने न्यूरेंबर्गच्या १३ खटल्यांसाठी नोंदींची वाट धरली, आणि काम दशकानुदशकं चाललं. तेवढा धीर सगळ्यांकडे नसतो, हे मान्य.

तरी माझा कल नोंदींकडेच आहे, आणि कारण साक्षीदार आहेत. युगोस्लाव्हिया आणि रवांडातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणांत अनेकांनी टोपणनावाने, कधी बंद दाराआड साक्ष दिली. न वाचलेली पानं इंटरनेटवर गेली तर एखाद्या ओळीतून त्यांचं खरं नाव बाहेर पडू शकतं. ते परत झाकता येत नाही.

म्हणून मोडकळीला आलेलं आधी स्कॅन करा, पण खुलं करू नका. प्रत्येक कागदाला खोका, दोन्ही क्रमांक, भाषा आणि ‘गोपनीय आहे का’ एवढंच लिहा. बाकी तपशील नंतर भरता येतील. मूळ कागद मात्र सांभाळा. न्यूरेंबर्गच्या मुख्य खटल्याचं मूळ दप्तर आजही हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे आहे, आणि स्कॅनवर शंका आली की ताडून बघायला तेच लागतं.